दाजींच्या सात पायऱ्या

बिदरपासून कलबुर्गीपर्यंतच्या टापूत असा एकही पडका दगड नसेल, ज्याची ख्यालीखुशाली आमच्या दाजींनी जातीनं विचारलेली नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या अक्काचे यजमान. माणसांची नावं ते हमखास विसरतात. सख्ख्या चुलत भावाला त्यांनी एकदा हुमनाबादच्या बसस्टँडवर मोठ्या अदबीनं "आपण कुठले?" असं विचारलं होतं. पण त्याच भावाच्या बांधावर जो वीरगळ उभा आहे, त्याच्यावर घोडे किती, माणसं किती आणि त्यातल्या कुठल्या माणसाचं नाक झिजलंय, हे ते पंप दुरुस्त करता करता मान वर न करता सांगतील. पंप म्हणजे फवारणीचा. तोच त्यांचा धंदा. नवे पंप विकायचे, जुने दुरुस्त करायचे आणि त्यासाठी मोपेडवर पिशवी अडकवून गावोगाव, शेतोशेत फिरायचं. आमच्या भागात शेत म्हटलं की त्यात काहीतरी पडकं असतंच. कुठं गुंबज, कुठं अर्धी कमान, कुठं नुसताच चौथरा. शेतकरी आपल्या पंपाचं दुखणं सांगत असतो आणि दाजी वायसर बदलता बदलता त्या चौथऱ्याकडं बघत असतात. पंप सुरू होतो, शेतकरी अर्धं रान फवारून येतो, तरी दाजी तिथंच असतात.

त्यांचं गाव दुबलगुंडीच्या थोडं पुढं. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, कारण दाजींनी तशी तंबी दिलेली आहे. नाव छापलं की माणसं येतात, माणसं आली की वेफर्सची पाकिटं येतात, आणि ती पाकिटं शेवटी कुणाला वेचावी लागतात, ते त्यांना ठाऊक आहे.

या वास्तूंशी बोलायची दाजींची पद्धत ठरलेली आहे. जवळ आलं की मोपेडचा वेग कमी करायचा, डावा हात छातीशी न्यायचा आणि ज्याच्या त्याच्या भाषेत विचारपूस करायची. गुंबजाशी दखनीत, "क्या मियाँ, खैरियत?" देवळाशी कन्नडात, "शरणु, आराम अदीरी?" मी पहिल्यांदा त्यांच्या मागं बसून गेलो तेव्हा हे मला माहीत नव्हतं. कुणीतरी ओळखीचं भेटलं म्हणून मी वळून पाहिलं, तर मागं एक कळस उडालेलं देऊळ आणि दोन शेळ्या. शेळ्यांशी बोललात का, असं मी विचारलं. दाजींना ते मुळीच आवडलं नाही. शेळ्या आज हायत, उद्या न्हाईत, म्हणाले. एका पावसाळ्यात आळंदच्या वाटेवरच्या कुठल्याशा गुंबजाची कमान ढासळली, तेव्हा हा माणूस दोन दिवस बिनदाढीचा वावरला. अक्काला वाटलं, कुणीतरी गेलं आणि आपल्याला कळवलंच नाही.

अक्काला हे आधीच समजायला हवं होतं. दाजी तिला बघायला ठाणाकुशनूरला आमच्या घरी आले, तो प्रसंग आमच्याकडं अजून सांगतात. पोहे आले, चहा आला, अक्का येऊन समोर बसली, पण मुलाची मान काही वर होईना. आमची आई आतल्या खोलीत जाऊन कौतुकानं म्हणाली, मुलगा फार लाजाळू आहे, आजकाल अशी मुलं मिळत नाहीत. लाजण्याचा तिथं काही संबंध नव्हता. आमच्या उंबऱ्याच्या दगडावर एका बाजूला पुसटसं कमळ कोरलेलं आहे. जन्मापासून त्या दगडावरून येजा करणाऱ्या आम्हा कुणाला ते दिसलं नव्हतं. दाजींना ते बसल्या जागेवरून दिसलं होतं. अक्काकडं त्यांनी मिनिटभर पाहिलं असेल, उंबऱ्याकडं पंधरा मिनिटं. निघताना वडिलांना त्यांनी हात जोडून सांगितलं की मला पसंत आहे, आणि त्यावर पाय देऊ नका. वडील घाबरून हो म्हणाले. पाय कशावर द्यायचा नाही, याचा उलगडा त्यांना लग्नानंतर झाला.

आता एवढा नाद असलेला माणूस बिदरच्या किल्ल्यावर जीव टाकत असेल, असं कुणालाही वाटेल. दाजींना किल्ल्याविषयी आदर आहे, पण जिव्हाळा नाही. ते म्हणतात, किल्ला हा सरकारी नोकर. त्याला पगार, त्याला गणवेशातले शिपाई, त्याला येणाऱ्याजाणाऱ्याचा सलाम. बसवकल्याणचा, कलबुर्गीचा, सगळेच किल्ले कायम नोकरीतले. ज्या देवळांच्या दारात पुरातत्त्व खात्याचा निळा बोर्ड लागलाय ती कंत्राटावरची. आणि बाकीचे सगळे बेकार, त्यांना आपणच बघायचं. माझा साडू एकदा पुण्याहून सहकुटुंब आला होता. त्याला बिदरचा किल्ला बघायचा होता. मी रजा नसल्यामुळं त्याला दाजींच्या हवाली केला, ही माझी चूक. सकाळी निघालेली मंडळी वाटेत एका कमानीला भेटली, दोन वीरगळांना भेटली, एका आडाला भेटली, एका बिनछपराच्या मशिदीच्या भिंतीशी त्यांनी डबा खाल्ला, आणि किल्ल्याच्या दरवाजाशी पोचली तेव्हा रखवालदार कुलूप लावत होता. साडूचा चेहरा पाहून दाजींनी त्याची समजूत घातली, "बाहेरून जसा हाय तसाच आत हाय. लई काय फरक न्हाई." साडू त्यानंतर आमच्याकडं आला तेव्हा परस्पर टॅक्सी करून आला.

दाजींचा खरा राग आहे तो थापांवर. आमच्या भागात प्रत्येक गावाला एक भुयार असतं आणि ते प्रत्येक भुयार बिदरला जातं. तसं कुणी म्हटलं की दाजी मोपेड स्टँडवर लावतात. एवढी भुयारं असती तर बिदर कवाच खाली गेलं असतं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पांडवांनी हे देऊळ एका रात्रीत बांधलं, असं एका पुजाऱ्यानं सांगितलं, तर दाजींनी शांतपणे विचारलं, "मग गिलावा कवा वाळला?" निंबर्ग्याच्या बाजूला एका गावात असंच बाराव्याचं जेवण होतं. जेवण झाल्यावर तिथल्या कारभाऱ्यांनी मोठ्या अभिमानानं पाहुण्यांना आपलं भुयार दाखवलं. आजवर कुणी आत गेलेलं नाही, गेलेला परत आलेला नाही, वगैरे. दाजींनी पिशवीतून बॅटरी काढली आणि ते सरळ आत शिरले. मंडळी श्वास रोखून उभी राहिली. थोड्याच वेळात दाजी शेजारच्या अंगणातून, डोक्याला जाळ्या आणि खांद्यावर जुन्या ज्वारीचा भुसा घेऊन वर आले आणि म्हणाले की भुयार नाही, पेव आहे. म्हणजे धान्य साठवायचा खड्डा. ते पेव कसं खणलंय, किती सुरेख आहे, याचं त्यांनी पुढं अर्धा तास कौतुक केलं. पण त्या गावात दाजींना तेव्हापासून कुणी चहा विचारत नाही.

एवढं मात्र खरं की त्यांचा राग माणसावर फार वेळ टिकत नाही. एका गुंबजाच्या आत कुणीतरी लाल रंगानं आपलं आणि एका मुलीचं नाव लिहून मध्ये बदाम काढला होता. दाजींनी चार गावांत चौकशी करून त्या तरुणाला शोधून काढलं, तारेचा ब्रश आणि पाण्याची बादली दिली आणि शेजारी बसून भिंत धुऊन घेतली. धुताना तो रडायला लागला. मुलीच्या घरचे ऐकत नव्हते. दाजी दुसऱ्या दिवशी मुलीच्या घरी गेले, तिसऱ्या दिवशी परत गेले, त्यांच्या घरचा पंप फुकटात दुरुस्त केला आणि महिन्याभरात ते लग्न ठरवूनच थांबले. "भिताडावर लिवलास ते आता पत्रिकेवर लिही," असं त्यांनी त्या मुलाला सांगितलं. त्या पत्रिकेवर निमंत्रकांत दाजींचं नाव होतं.

हा असा माणूस आयुष्यात एकदाच खोटं बोलला आणि त्या खोट्याचा मूळपुरुष मी आहे. म्हणून ते सांगण्याचा अधिकारही माझाच.

दाजींच्या गावाबाहेर एक बारव आहे. चारी बाजूंनी चिरेबंदी, एका अंगाला आत उतरायला एकवीस पायऱ्या, भिंतीत दिवे ठेवायचे कोनाडे आणि तळाशी बारमाही पाणी. सगळ्या वास्तूंत दाजींचा जीव हिच्यावर. हिच्याशी ते मराठीत बोलतात आणि हिला अक्का म्हणतात, त्यामुळं आमच्या अक्काला कधी कधी सवतीसारखं वाटतं. पण गावाच्या लेखी ती तेव्हा उकिरड्याची जागा होती. फुटकी मडकी, गाद्यांचा कापूस, मोडक्या खुर्च्या, सगळं तिच्यात. त्यात पंपाच्या दोन फुटक्या टाक्या दाजींच्याच दुकानातल्या निघाल्या, हे त्यांनी स्वतः मला सांगितलंय. त्यांनी अर्ज केले, पाटी लावली, घरोघर जाऊन हात जोडले. शेवटी दर सोमवारी सकाळी स्वतः खराटा घेऊन उतरायला लागले. सोमवारी ते झाडायचे आणि मंगळवारी गाव पुन्हा टाकायचं. असं तीन वर्षं चाललं.

त्याच सुमारास माझं लग्न झालं. दुसऱ्या दिवशी अक्कानं आम्हा नवराबायकोला जेवायला बोलावलं. तो नेमका सोमवार. स्वयंपाकाला वेळ होता, तर दाजी मला म्हणाले, चल गुरुजी, बारव दाखवतो. मी शिक्षक, म्हणून ते मला गुरुजी म्हणतात. बारवेपाशी गेल्यावर त्यांनी मला बारव दाखवली आणि नंतर खराटा दाखवला. दोघांनी हात मारला तर लवकर उरकेल, असा त्यांचा साधा हिशेब. अंगावर लग्नातला कोट, हाताला हळद, कपाळाला मुंडावळ्यांचा वळ, अशा थाटात मी पायऱ्या झाडायला लागलो. सातव्या पायरीवर होतो आणि वरून आवाज आला. माझी बायको, अक्का आणि बायकोची पाठराखीण म्हणून आलेली तिची उदगीरची मावशी काठावर उभ्या होत्या.

मावशींचा स्वभाव कडक. लग्नात त्यांना वरणात हिंग कमी लागला होता, ते त्या अजून विसरल्या नव्हत्या. "आमच्या जावयाच्या हातात खराटा दिलाव? कामून?" त्या म्हणाल्या. अक्काचा चेहरा उतरला. दुसऱ्याच दिवशी नव्या सोयऱ्यांत वाकडं येणार, हे मला सातव्या पायरीवरून स्पष्ट दिसत होतं. मी दाजींकडं पाहिलं.

"रीत हाय," दाजी म्हणाले. "जुनी. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नवरदेवानं सात पायऱ्या झाडायच्या."

मावशींचा विश्वास बसला नाही. तेवढ्यात गावातल्या नीलम्मा अव्वा डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन तिथून चालल्या होत्या. पन्नास वर्षं त्या गावात काढलेली बाई. मावशींनी त्यांनाच विचारलं की अशी रीत खरंच आहे का. नीलम्मा अव्वांनी पेंढी खाली ठेवली, एकदा दाजींकडं पाहिलं, एकदा माझ्या कोटाकडं पाहिलं. दाजींनी डोळे मिटून घेतले होते.

"व्हय तर," अव्वा म्हणाल्या. "आन् नवरीनं काठावर हुबं राहून नाव घ्यायचं. नाव घेतल्याबिगर तेनं खराटा खाली ठिवायचा न्हाई."

मावशी एकदम खूश झाल्या. जावयाला नाव संपेपर्यंत खराटा धरून उभं करणारी रीत त्यांना कुठंच भेटली नव्हती. बायकोला त्यांनी पुढं ढकललं. बायकोला त्या दिवशी उखाणा आठवायला जो वेळ लागला, तो तिनं मुद्दाम लावला, असं माझं मत आहे. तिचं मत वेगळं आहे. सगळ्या हसत घरी परतल्या. जेवताना मात्र दाजी अर्ध्या भाकरीवरच उठले. हात धुताना ते मला बाजूला घेऊन म्हणाले की गुरुजी, मी खोटं बोललो. एकदाच ना, असं मी म्हटलं. त्यावर ते म्हणाले की वायसर एकदा गेला की गळती थांबत नसते, हे पंपवाल्याला कुणी शिकवू नये.

गळती कसली, धारच लागली. पुढच्याच महिन्यात गावात लग्न होतं. नवरीच्या मैत्रिणी सकाळीच अक्काच्या दारात खराटा मागायला हजर. चारचौघांत नवऱ्याच्या हातात खराटा बघायचा हा एकच दिवस, तो कोण सोडणार? दोन-तीन वर्षांत ती गावची रीत झाली. मग शेजारच्या गावांचे नवरदेव यायला लागले. लातूरचे आले, उमरग्याचे आले, एक तर दुबईला नोकरी करणारा आला आणि त्याच्या बायकोनं एवढं लांबलचक नाव घेतलं की बँडवाले मध्येच जाऊन पाणी पिऊन आले. आणि त्यात नवल असं घडलं की बारवेत कचरा पडायचा थांबला. आपलाच पोरगा उद्या झाडणार, तिथं कोण आई मडकी टाकेल? उलट लग्नाच्या आधी नवरदेवाच्या घरच्या बाया गुपचूप जाऊन वरच्या पायऱ्या साफ करून यायच्या, म्हणजे पोराला फार वाकावं लागू नये. अर्जानं जे झालं नाही, ते एका थापेनं झालं. दाजी मात्र त्यात सुखी नव्हते. ही रीत किती जुनी, असं कुणी विचारलं की त्यांना खोकला यायचा. एकदा कुणीतरी वही घेऊन चालीरीती लिहून घ्यायला गावात आलं, तर दाजी त्या दिवशी तीन गावं पलीकडं पंप दुरुस्त करायला गेले. सात पायऱ्या रीतीच्या, पण त्याच्या खालच्या चौदा पायऱ्या कोण झाडतं, हे कुणाच्या मनात आलं नाही. त्या दाजी दर सोमवारी झाडत. मला वाटतं, ते त्यांचं प्रायश्चित्त होतं.

अशी वीसेक वर्षं गेली आणि गावाला समुदाय भवन मंजूर झालं. रस्त्यालगत सरकारी जागा एकच, बारवेची. बारव बुजवायची आणि वर भवन उभं करायचं, असं पंचायतीच्या अध्यक्षांनी ठरवलं. अध्यक्ष माणूस वाईट नाही, लग्नकार्याला छप्पर हवं एवढंच त्यांचं म्हणणं. गावातल्या काही जणांनी हरकतीचा अर्ज केला आणि त्यात लिहिलं की या बारवेवर पूर्वापार विवाहविधी चालत आलेला आहे. तालुक्याचे साहेब म्हणाले, विधी खरंच पूर्वापार असेल तर भवन दुसरीकडं हलवू. मी येऊन गावासमोर चौकशी करतो. आणि चौकशी कुणाकडं करायची? गावानं एकमुखानं सांगितलं, पंपवाल्यांकडं. ते कधी खोटं बोलत नाहीत.

त्या आठवड्यात दाजी ठाणाकुशनूरला माझ्याकडं आले. वाटेत कुणाशीच बोललो न्हाई, म्हणाले, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे. खरं सांगितलं तर बारव जाते, आणि खोटं सांगितलं तर आजवर ज्या तोंडानं त्यांनी दुसऱ्यांच्या थापा पकडल्या ते तोंड जातं. मी मास्तर माणूस, वाट काढण्यात पटाईत. म्हटलं, दाजी, लई वर्षांपासून चालू आहे एवढंच सांगा. वीस वर्षं म्हणजे लई वर्षंच की. त्यात खोटं काही नाही.

दाजींनी कप खाली ठेवला. "मग भुयारवाल्यात आन् माझ्यात काय फरक राह्यला, गुरुजी?" ते म्हणाले. बायकोनं त्यांना आणखी अर्धा कप चहा दिला.

चौकशीच्या दिवशी मी मुद्दाम गेलो. शाळेच्या व्हरांड्यात साहेब, शेजारी अध्यक्ष, समोर सगळं गाव. बाया एका बाजूला, पुरुष एका बाजूला. साहेबांनी कन्नडात सौम्यपणे विचारलं की ही रीत साधारण किती जुनी असावी. दाजी उठले. त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि कपाळाला ठसठशीत विभूती लावली होती. खोकला येईल म्हणून मी वाट पाहत होतो. तो आला नाही.

"साहेब, रीत जुनी न्हाई," ते म्हणाले. "मी काढली. खोटं बोलून काढली. ह्यो माझा मेव्हणा, पयल्या सात पायऱ्या ह्येनं झाडल्यात. बारव जुनी हाय, ते मात्र खोटं न्हाई."

सगळं गाव माझ्याकडं बघायला लागलं. अध्यक्षांनी मान खाली घातली. त्यांनाही आनंद झाला नव्हता, हे मला दिसलं. साहेबांनी पेनला टोपण लावलं. आता काय राहिलं, असं मनात म्हणत मी दाजींना खाली बसवायला पुढं सरकलो, तेवढ्यात बायांच्या बाजूनं नीलम्मा अव्वा काठी टेकत उठल्या. त्यांची पाठ आता पार वाकली होती.

"अर्धं खोटं माझं हाय, साहेब. नाव घ्यायचं मी सांगितलं," अव्वा म्हणाल्या. "माझ्या दोन नातवांनी झाडल्या. नातसुनांनी नावं घेतली. तेंचं लगीन काय खोटं झालं?" मग त्या पुरुषांकडं वळल्या. "ज्येनं ज्येनं झाडल्यात तेनं हात वर करा."

पहिल्यांदा कुणीच हात वर केला नाही. मग मी केला, कारण माझी तर अब्रू आधीच गेली होती. मग शिंप्याच्या दुकानातल्या एकानं केला. मग तो भिंत धुणारा प्रेमवीर, आता दोन मुलांचा बाप, त्यानं केला. मग बायांच्या बाजूनं नुसते डोळे वटारले गेले आणि एकामागून एक हात वर जायला लागले, काही पूर्ण, काही कानापर्यंत. व्हरांड्यात नुसते हातच हात. शेवटी अध्यक्षांचा हात खांद्यापर्यंत येऊन अडखळला. त्यांच्या बायकोनं मागून कन्नडात दोनच शब्द ऐकवले, तसा तोही सरळ वर गेला. साहेब एवढं हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. भवन रस्त्यापासून जरा आत, गावच्या खळ्याच्या जागेवर हलवायचं, हे तिथल्या तिथं ठरलं. अहवालात काय लिहू, असं त्यांनी हसत दाजींना विचारलं.

"लिवा," दाजी म्हणाले, "बारव जुनी, रीत नवी."

साहेबांनी ते कन्नडात लिहिलं. दाजींनी कागद हातात घेऊन वाचला आणि मगच ते बसले. त्या दिवशी घरी जाताना त्यांनी बारवेला हात केला, "अक्का, बरं हाय न्हवं?" आणि घरी आल्यावर तीन भाकरी खाल्ल्या. अक्कानं ती बातमी मला फोन करून कळवली.

हल्ली दाजींचे गुडघे गेलेत. मोपेड अंगणात गोणपाटाखाली झाकून ठेवलीय. गिऱ्हाईकंच पंप घेऊन घरी येतात आणि दाजी त्यांच्याकडं आपल्या दूरच्या नातलगांची चौकशी करतात. तुमच्याकडची कमान कशी हाय, चौथऱ्यावर पिंपळ उगवला होता तो काढलात का. लोकही मनापासून सांगतात. कुणी कुणी मोबाइलवर फोटो काढून आणतं. दाजी तो फोटो डोळ्यांजवळ नेतात आणि हलक्या आवाजात त्याची त्याच्या भाषेत विचारपूस करतात.

परवा माझ्या लेकीचं लग्न झालं. दुसऱ्या दिवशी आत्याकडं जेवण, हे ठरलेलंच. जावई पुण्यात संगणकावर काम करतो, खराटा त्यानं बहुधा पहिल्यांदाच धरला असावा, पण सातही पायऱ्या त्यानं मन लावून झाडल्या. दाजी काठावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून बघत होते. लेकीनं आईच्या वळणावर जाऊन नाव घ्यायला भरपूर वेळ लावला. जावयानं खराटा खाली ठेवला, बाया हसत घराकडं निघाल्या. दाजी मात्र उठले नाहीत. ते खाली बघत होते. मीही पाहिलं. सात पायऱ्या लख्ख होत्या आणि आठवीपासून खाली वाळका पाला घोट्याएवढा साचला होता. गुडघे गेल्यापासून तिथं कुणी उतरलंच नव्हतं.

मी कोट काढून त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर टाकला, खराटा उचलला आणि आठव्या पायरीवर उतरलो.

"गुरुजी, सातच हायत," दाजी वरून म्हणाले.

"खालच्या चौदा मुलीच्या बापानं झाडायच्या असतेत," मी म्हणालो. "जुनी रीत हाय, दाजी."

मी वाट पाहत होतो, आता ते मला पकडतील. कुणाची थाप या माणसानं आजवर तशी जाऊ दिलेली नाही. मी मान वर करून पाहिलं, तर दाजी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत होते. तो पुसून झाला, डोळ्यांवर चढला. मी आणखी तीन-चार पायऱ्या झाडून खाली गेल्यावर त्यांचा आवाज आला.

"कोपऱ्यातलं नीट काढ."